सिलिंडर हलवून काय कळतं?

गॅस संपत आलाय का हे बघायला सिलिंडर हलवून पाहायची रीत घरोघरी आहे. आत काहीतरी डचमळतं. पण वायू डचमळत नाही, डचमळतो तो द्रव. शेगडीवर वायू होऊन जळणारं हे इंधन टाकीत असताना बहुतांशी पाण्यासारखं वाहतं असतं.

घरगुती सिलिंडरात 14.2 किलो इंधन भरतात, मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. टाकीत पाणी भरलं तर सुमारे 33 लिटर मावेल, हे द्रवरूप इंधन मात्र 26 लिटरच्या आसपासच असतं. वरचा भाग मोकळा सोडतात तो कंजूषपणा नव्हे. उन्हात द्रव फुगतो आणि त्याचे रेणू आधीच एवढे खेटून असतात, की आणखी दाबायला वाव नाही. काठोकाठ भरलेली टाकी तापली तर पत्रा फाटेल. वायूच्या रेणूंमध्ये मोकळी जागाच जास्त, त्यामुळे तो दबून घेतो.

रेणू मात्र वर-खाली तेच. ब्युटेनचा म्हणाल तर चार कार्बन, दहा हायड्रोजन. द्रवातून सुटला म्हणून तो फुगत नाही की हलका होत नाही. पाठ्यपुस्तकातली चित्रं पाहून मुलांचा तसा समज हमखास होतो. वेगाबद्दलही गैरसमज आहे. खोलीच्या तापमानाला ब्युटेनचा रेणू सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने धावतो, आणि तापमान तेच असेल तर द्रवातला रेणूही सरासरी तेवढ्याच वेगाचा असतो. त्याला धावायला जागा नसते, एवढंच. शिवाय शेजाऱ्यांची ओढ त्याला बांधून ठेवते.

द्रव आणि वायू यांत रेणू एकच, त्यांच्यातली ओढही तीच, हे 1873मध्ये गणितात मांडलं योहानेस व्हान डर वाल्स यांनी, लायडन विद्यापीठातल्या प्रबंधात. सुताराचा मुलगा, पेशाने शाळामास्तर. रेणू खरोखर असतात का, याबद्दल तेव्हा भलेभले शास्त्रज्ञही साशंक होते. त्याच कामासाठी त्यांना 1910 साली नोबेल मिळालं.

आता बंद टाकीत डोकावू. द्रवाच्या पृष्ठभागावरचा एखादा रेणू धक्काबुक्कीत जास्तीचा वेग मिळवतो, ओढ तोडतो आणि वर निसटतो. वरचा एखादा भटकत येऊन द्रवात अडकतो. जाणारे आणि येणारे सारखे झाले की दाब स्थिरावतो. शेगडीची कळ फिरवली की वरचे रेणू नळीतून निघून जातात, दाब किंचित उतरतो आणि भरपाईला द्रवातून आणखी रेणू सुटतात. म्हणूनच टाकी भरलेली असो की पाव उरलेली, ज्योत जवळपास तशीच राहते. आत थोडासा द्रव आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर आणि मिश्रणावर, किती किलो उरलंय यावर नाही. प्रोपेन आधी जास्त निघून जातो, त्यामुळे शेवटी शेवटी दाब थोडा उतरतो, पण त्यावरून गृहिणीला दिवस मोजता येणार नाहीत.

या निसटण्याची किंमत द्रवाला मोजावी लागते. सर्वांत वेगवान रेणू जातात, मागे राहतात ते मंद, म्हणून द्रव गार पडतो. घरी हे लक्षात येत नाही. लग्नाच्या मांडवामागे बघा. आचाऱ्याची मोठी भट्टी 19 किलोच्या सिलिंडरावर धडधडत असते आणि टाकीच्या खालच्या भागाला घाम फुटतो, कधी पांढरा बर्फही धरतो. वर जिथे फक्त वायू आहे तिथे पत्रा कोरडाच. घामाची रेघ जिथे थांबते, साधारण तिथवर द्रव आहे. गारठलेल्या द्रवातून रेणू पुरेसे सुटत नाहीत आणि ज्योत मंदावते. मग कोणीतरी टाकी आडवी करतं, कोणी उकळतं पाणी ओततं. दोन्ही धोक्याचं. आडव्या टाकीतून नळीत वायूऐवजी द्रव शिरतो, आणि रेग्युलेटर काही द्रवासाठी केलेला नसतो. जोडीला दुसरा सिलिंडर लावणं हा साधा उपाय आहे, म्हणजे प्रत्येक टाकीवरचा ताण निम्मा होतो.

शुद्ध ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे 42 अंशांना. लडाखच्या हिवाळ्यात नुसत्या ब्युटेनची टाकी उघडी ठेवली तरी शेगडी पेटणार नाही. घनरूपाची चिंता नको, ब्युटेन गोठायला उणे 138 अंश लागतात.

गळती झाली तर हेच सगळं आपल्यावर उलटतं. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली साचतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, पंखाही लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906वर फोन करा. आणि नवा सिलिंडर घेताना तो हलवून बघू नका, वजन करून मागा. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवायचे.