आलोच!

वडखळ नाका. मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागचा फाटा इथेच फुटतो, त्यामुळे वीकेंडला ट्रॅफिकची वाट लागणार हे ठरलेलंच. अलिबागहून परत येताना अर्धा तास गाडी जागची हललेली नाही आणि माझा मावसभाऊ फोनवर ठणकावून सांगतोय, 'आई, आलोच!' मावशी पेणला असते. ती काही लगेच चहा टाकत नाही. 'आलोच'चा अर्थ तिला पाठ आहे.

लोचा झाला तो या 'आलोच'चं इंग्लिश केल्यावर. हा पठ्ठ्या पुण्यात एका कोरियन कंपनीत आहे. नवीन असताना रस्त्यातूनच बॉसला मेसेज टाकला, 'सर, आय केम.' बॉस मीटिंग रूममध्ये पाऊण तास ताटकळला. 'हा खोटं बोलतो' असा शिक्का बसला. प्रोबेशन चालू, नोकरी जाता जाता राहिली!

पुढे एकदा दोघं चाकणला चालले होते. बॉसने क्लायंटला फोनवर सांगितलं, 'वुई अराइव्ह्ड.' चाकण अजून दहा किलोमीटर! भावाने धीर करून विचारलं, तेव्हा कळलं की कोरियनमध्येही पोचायच्या आधीच 'ता वास्सॉयो' म्हणतात. शब्दशः, 'पूर्ण आलो'. एवढंच नाही, आपण 'मेलास आता!' अशी धमकी देतो ना, तीही तिकडे भूतकाळातच देतात. काय राव, इतकं सेम?

पण सगळंच सेम नाही. आपल्याकडे 'जेवलो' आणि 'जेवलोय' वेगळे. कोरियनमध्ये दोन्हीला एकच रूप चालतं, म्हणून प्रेझेंट परफेक्ट त्यांना छळतो. 'माझं लग्न झालंय' हेही ते साध्या भूतकाळात सांगतात. इंग्लिशमध्ये त्याचं 'आय मॅरिड' होतं आणि ऐकणारा विचारात पडतो, मग आता काय, घटस्फोट? आपली गडबड उलटी. 'मी त्याला काल पाहिलंय' मराठीत खपतं, म्हणून आपण बिनधास्त 'आय हॅव सीन हिम येस्टर्डे' ठोकून देतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहे. बारा काळांचा तक्ता आम्ही घोकला, पण 'आलोच' म्हणजे 'आय ॲम कमिंग' हे मला तरी कुठल्या सरांनी सांगितलं नाही. तक्त्यापेक्षा तेच आधी शिकवायला हवं होतं.

इतक्यात बॉसचा मेसेज आला, 'वेअर?' भावाने जपून टाइप केलं, 'स्टक ॲट वडखळ. विल कॉल इन वन अवर.' तेवढ्यात मावशीचा पुन्हा फोन.

'अगं हो, पोचलोच!'