एक्सप्लेनर : दोन देशांच्या सीमेवर उभी फ्रिडा, १९३२ मधलं चित्र नेमकं काय सांगतं?

चिखली : चिखलीहून जालन्याकडे जाताना वऱ्हाड संपून मराठवाडा कुठे सुरू झाला, हे आज पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. १९३२ मध्ये मात्र अलीकडे इंग्रजांचा कारभार होता, पलीकडे निजामाचा. सीमेवरच्या माणसाने स्वतःला नेमकं कुठलं म्हणायचं? त्याच वर्षी मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांनी हा प्रश्न स्वतःचंच चित्र काढून मांडला.

चित्र कुठे काढलं?

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात. २५ वर्षांच्या फ्रिडा पती दिएगो रिव्हेरा यांच्यासोबत तिथे राहत होत्या. दिएगो तिथल्या कलासंग्रहालयात भित्तिचित्रं रंगवत होते. परक्या शहरातच त्या वर्षी जुलैमध्ये फ्रिडांचा गर्भपात झाला. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत आई वारली. ‘मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमारेषेवरचं आत्मचित्र’ हे त्याच वर्षीचं. धातूच्या पत्र्यावर तैलरंग, आकार जेमतेम ३२ बाय ३५ सेंटीमीटर.

चित्रात काय दिसतं?

• डावीकडे मेक्सिको : पडकं प्राचीन मंदिर, सूर्य-चंद्र, मातीच्या मूर्ती, मुळांसकट फुलझाडं.
• उजवीकडे अमेरिका : उंच इमारती, यंत्रं आणि ‘फोर्ड’ अशी अक्षरं असलेली धुरांडी. अमेरिकेचा झेंडा त्यांच्याच धुरात.
• मधोमध : गुलाबी झग्यातली फ्रिडा. चौथऱ्यावर नाव ‘कार्मेन रिव्हेरा’. कार्मेन हे त्यांच्या जन्मनावातलं, रिव्हेरा हे नवऱ्याचं आडनाव.

मग त्यांची बाजू कोणती?

हातातला छोटा झेंडा मेक्सिकोचा आहे. त्यामुळे उत्तर सोपं वाटतं. पण अंगावरचा झगा मेक्सिकोतला पारंपरिक पोशाख नाही. वडील जर्मनीत जन्मलेले, तर आईच्या घराण्यात स्पॅनिश आणि स्थानिक आदिवासी, दोन्ही रक्तं. म्हणजे ‘आपली’ बाजूही एकसंध नव्हतीच.

खरी मेख जमिनीखाली आहे. अमेरिकेच्या बाजूच्या एका यंत्राची वायर मेक्सिकोतल्या झाडाच्या मुळांना भिडते. दुसरी फ्रिडांच्या चौथऱ्याला जोडलेली आहे. यंत्र मुळांचं सत्त्व ओढतंय की मुळांना वीज देतंय, हे चित्र सांगत नाही.

आज ते का पाहावं?

पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेल्यांना ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. फ्रिडांनी उत्तर म्हणून झेंडा एकच धरला. पण पायाखालची वायर लपवली नाही.