टिमकी आणि तालीम

आपली टिमकी आपणच वाजवू नये, हा सुशिक्षितांचा जुना दंडक आहे. म्हणूनच धुळे-जळगावकडील अहिराणी गायक-वादक स्वतःच आपली गाणी चित्रित करतात, यूट्यूबवर टाकतात आणि ‘ऐका, इतरांस पाठवा’ म्हणून श्रोत्यांच्या पाठीस लागतात, हे पाहून पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे याच वाटेने खानदेशाची वेस ओलांडून गेले आणि दूरदूरच्या वरातींत वाजले.

परंतु नाक मुरडण्यापूर्वी बहिणाबाई चौधरींचे स्मरण करावे. त्यांनी कधी टिमकी वाजविली नाही. आसोद्याची ही लेक निरक्षर. तिची गाणी घरकामात आणि शेतात जन्मली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या, तोवर महाराष्ट्राला त्यांचा पत्ता नव्हता. चिरंजीव सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. सोपानदेव नसते तर?

ज्यांच्या घरी सोपानदेव नाहीत आणि पाठीशी अत्रे नाहीत, त्यांनी आपली दवंडी आपणच पिटली, तर त्यात लाज कसली? मात्र दवंडीने माणसे जमतात, टिकत नाहीत. बहिणाबाईंची गाणी सत्तर वर्षांवर टिकली, ती आशयाच्या बळावर. तेव्हा तरुण कलावंतांनी प्रचारास दिले तेवढे प्रहर तालमीसही द्यावेत; आणि आपण सुशिक्षितांनी अहिराणीला हसणे सोडून तिला एकदा मनापासून कान द्यावा.