सुळेभावीचा शिवपुत्र आणि न गायलेली वर्षं

बेळगावजवळच्या सुळेभावीला कधी गेलात, तर एवढं आठवा: शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, 1924 साली इथलेच. कानडी घरातलं हे पोर लहानपणीच मैफली गाजवू लागलं, मग मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकलं. हे कौतुक बहुतेकांना ठाऊक असतं. मला मोलाची वाटतात ती पुढची न गायलेली वर्षं.

क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी माळव्यातल्या देवासला बिऱ्हाड हलवलं आणि डॉक्टरांनी गाणंच बंद केलं. ऐन पंचविशीत! पत्नी भानुमतीताईंनी शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं सापडली. मालवती, संजारी, लगनगंधार हे धुनउगम राग त्यातलेच. स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला, 1953 च्या सुमारास ते पुन्हा गायले, तेही जवळपास एकाच फुफ्फुसावर. बंदिशींचा संग्रह 'अनूपरागविलास' यायला 1965 उजाडलं. (घाई म्हणून नाहीच!)

नवख्यांनी त्यांच्या निर्गुणी भजनांपासून सुरुवात करावी. छोटे, धारदार स्वरसमूह आणि मधल्या थांबण्याच्या जागा नीट ऐका.