पिकअपचा ब्रेक कडक का लागतो?

‘गाडीला ब्रेक लागत नाही’ ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमीचीच. पण या एका वाक्यामागे दोन निरनिराळे आजार असतात. पेडल दगडासारखं कडक झालं, तर पायाला मिळणारी मदत बहुधा कमी झालेली असते. पेडल खाली बसत जात असेल, तर ब्रेक ऑईलचा दाब टिकत नसतो. हा फरक न ओळखता भाग बदलत गेलं, की पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

पॉवर ब्रेकची मदत येते बूस्टरमधून. बॉनेट उघडल्यावर मास्टर सिलिंडरच्या मागे दिसणारा गोल काळा डबा तो हाच. त्यात रबरी पडदा असतो आणि आतली हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, तिचा दाब पडद्याला ढकलतो आणि आपल्या पायाचा जोर वाढतो. डिझेल गाडीत हवा खेचायला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. म्हणजे पट्टा तुटला, की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते. अशा गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर तो ब्रेकचाही इशारा समजावा.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर मदत मिळते आहे. आता इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, थोडं थांबा आणि पेडल दाबा. पहिलंच दाबणं कडक लागलं, तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतो आहे.

आधी स्वस्तातलं पाहावं: तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप, बूस्टरवरचा एकतर्फी व्हॉल्व्ह. मग पंप. बूस्टर सर्वांत शेवटी. पेडल दाबून धरल्यावर सतत फुसफुस ऐकू आली, तर मात्र त्याचा पडदा फाटला असण्याची शक्यता असते.

पेडल खाली बसत असेल, तर ऑईलची पातळी, चाकांजवळची गळती आणि मास्टर सिलिंडरची वाटी तपासून घ्या. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ड्रम तापले की त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं.

शेवटची गोष्ट. डिझेल वाचवायला काही चालक उतारावर इंजिन बंद करतात. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. बूस्टरमध्ये उरलेली मदत दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते आणि माल भरलेली गाडी तर वेग घेतच राहते. माळशेज असो वा कसारा, घाट चढायला लागतो त्याच गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवूनच उतरावा.