चुनखडीच्या बेटांवरील पाणसाप

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पश्चिम भागात, जिथे अमेरिकेच्या ओहायो राज्याचा आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा अंमल एकमेकांना भिडतो, तिथे चुनखडीची काही लहान बेटे आहेत. मुख्य भूमीवरील पाणसापांच्या अंगावर गडद आडवे पट्टे ठळकपणे उमटलेले असतात. या बेटांवर मात्र त्याच जातीचे, पुसट पट्ट्यांचे किंवा पट्टे नावालाही नसलेले, सरसकट राखी रंगाचे साप मोठ्या संख्येने आढळतात, आणि या वैशिष्ट्यामुळेच १९३७ साली त्यांना स्वतंत्र उपजातीचा दर्जा मिळाला.

या भेदाचे मूळ जोसेफ कॅमिन आणि पॉल अर्लिक यांनी १९५८ सालच्या आपल्या निबंधात मोठ्या चातुर्याने शोधले. या सापाची मादी अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देते. तेव्हा पकडलेल्या गाभण माद्यांची पिल्ले आणि बेटांवरील प्रौढ साप यांची त्यांनी तुलना केली असता, पिल्लांत पट्टेदारांचे जे प्रमाण होते ते प्रौढांत बरेच घटलेले दिसले. वाढीच्या काळात पट्टेदार पिल्लेच अधिक बळी पडत असली पाहिजेत, हा निष्कर्ष त्यातून निघाला. लाटांनी धुतलेल्या फिकट, उघड्या शिळेवर गडद पट्टा कुरव पक्ष्याच्या नजरेत तत्काळ भरतो, राखी पाठ मात्र शिळेशी एकरूप होते. उलट मुख्य भूमीवरील गवताच्या छायाप्रकाशात तेच पट्टे देहाची आकृती मोडून सापाला दडवतात.

मग बेटांवरून पट्टे समूळ नाहीसे का झाले नाहीत? कारण मुख्य भूमीवरून पोहत येणारे साप पट्ट्यांचा वारसा सतत आणीत राहतात, आणि निवडीने केलेली वजाबाकी स्थलांतराच्या बेरजेने अंशतः भरून निघते. रिचर्ड किंग यांच्या पुढील संशोधनाने या दोन्ही शक्तींचे कार्य अधिक स्पष्ट केले.

माणसांनी मारल्यामुळे आणि किनारे बांधले गेल्यामुळे रोडावलेल्या या सापांना अमेरिकेने १९९९ साली कायद्याचे संरक्षण दिले. त्यांची संख्या सावरल्यावर २०११ साली संकटग्रस्तांच्या यादीतून त्यांचे नाव वगळण्यात आले.

आपल्या ओढ्या-तळ्यांतील बिनविषारी दिवड सापांतही रंगांची अशीच विविधता दिसते. तेव्हा अनोळखी रंगाचा साप दिसताच तो विषारीच असे ठरवून काठी उगारू नये. दूर उभे राहावे आणि जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. रंगांची ही विविधता त्या जातीची पिढ्यानपिढ्यांची ठेव आहे, आणि तिचे रक्षण हे आपले कर्तव्य आहे.