खोपोलीचा नायट्रो आणि सुरतेची मंडळी

तापी व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून उदरनिर्वाहार्थ सुरतेस आलेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत आता पिढ्यांनी स्थिरावलेली खानदेशी मंडळी, दिवाळीत यंत्रमागांची खाती बंद पडली की, गावाकडे निघतात. परंतु त्यांच्यातील तरुणांना अलीकडे गावाच्या वाटेपेक्षा खोपोलीची वाट अधिक ओढ लावते. शिवछत्रपतींच्या 1664 च्या स्वारीत सुरतेचे द्रव्य सह्याद्रीकडे गेले होते. आजही ते त्याच दिशेने जाते, फरक एवढाच की आता ते खुषीने जाते आणि त्याची रीतसर पावती मिळते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खालापूर तालुक्यात, मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने 2013 साली उघडलेल्या इमॅजिका या उद्यानातील नायट्रो हा रोलरकोस्टर या ओढीचे मुख्य कारण होय. सुमारे 40 मीटर उंची, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि वाटेत पाच वेळा माणसाचे डोके खाली व पाय वर, ही त्याची ख्याती मोबाइलच्या पडद्यावरून सुरतेच्या गल्लीबोळांत केव्हाच पोहोचलेली असल्यामुळे, प्रत्यक्ष दर्शनापूर्वीच प्रत्येकाच्या मनात त्याची एक मूर्ती तयार असते. आमच्याबरोबर आलेल्या टोळक्यात एका खात्यावर मास्तरकी करणारे प्रौढ गृहस्थही होते. सारे त्यांना मामा म्हणत. पोरे किंकाळ्या ऐकत होती. मामा चाके पाहत होते.

आणि पाहण्यासारखी होतीच ती. रुळावर चालणारी, रुळाला बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून त्याला कवटाळणारी, अशी चाकांची त्रिविध योजना असल्यामुळेच गाडी उलटी झाली तरी रूळ सोडीत नाही. खालच्या चाकांची ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने शतकापूर्वी रूढ केली. नायट्रो बांधला बोलिगर आणि माबिलार्ड या स्विस जोडगोळीच्या कंपनीने. 1999 साली न्यू जर्सीत मेड्युसा या नावाने याच कंपनीने बिनतळाच्या गाडीचा जो प्रकार प्रथम आणला, त्याच कुळातला हा. एका ओळीत चौघे बसतात, खांद्यावरून जाडजूड पट्टे खाली येऊन खटक्याने बंद होतात, आणि मग पायांखालची फलाटाची जमीन सरकून जाते. चपला आधीच काढून घेतलेल्या असतात, म्हणून अनवाणी तळव्यांना प्रथम वारा लागतो. माझ्या मते तिकिटाचे अर्धे मोल या एका क्षणातच वसूल होते.

पुढे चढण. विजेच्या मोटरीवर फिरणारी साखळी गाडीला वर ओढते, आणि साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून खालचे खटके दात ओलांडीत खटखटत राहतात. शिखरावर पोहोचल्यावर साखळी गाडीला सोडून देते. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग पुढे चालवतो कोण?" कोणीच नाही, गाडीत इंजिन नसते. चढताना साठवलेली उंचीच पुढचा सारा वेग आणि सारी वळणे पुरविते, आणि तिचा हिशेब आखणाऱ्याने आधीच पैपैसा मांडून ठेवलेला असतो.

उभ्या वळशाची गोष्ट त्याहून मौजेची. तो वर्तुळाकार भासतो, पण नसतो. शुद्ध वर्तुळात गाडी शिरताच शरीरावरील भार एकाएकी कित्येक पट वाढून माना दुखावत. म्हणून जर्मनीच्या वेर्नर श्टेंगेल यांनी, 1976 साली कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या रेव्होल्यूशन या रोलरकोस्टरसाठी, वर अरुंद आणि खाली हळूहळू रुंदावणारा, थेंबाच्या आकाराचा वळसा गणिताने सिद्ध केला. येथे भीती असते ती मोजून, गाळून, औषधाच्या मात्रेप्रमाणे दिलेली. गावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्याची भीती अशी मोजलेली नसे; तो फिरविणाऱ्या माणसाच्या दंडावर आणि आपल्या नशिबावर ती अवलंबून असे, आणि खरे सांगायचे तर ती मला अधिक प्रामाणिक वाटत आली आहे. पाच उलथ्यांविषयी एवढेच म्हणतो की त्यांच्या बोलबाल्याच्या मानाने त्या फार लवकर आटोपतात.

मामा बसले नाहीत. ते कठड्याशी उभे राहून थांबणाऱ्या गाड्या न्याहाळीत राहिले. मार्गाचे निरनिराळे खंड पाडलेले असतात आणि पुढचा खंड मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडली जात नाही, ही रेल्वेतलीच ब्लॉकची पद्धत त्यांना उधना जंक्शनाच्या शेजारामुळे चटकन उमगली. त्यांची चिकित्सा अस्थानी म्हणता येत नाही. अहमदाबादेत कांकरियाच्या उद्यानात 14 जुलै 2019 रोजी झोके घेणारा एक पाळणा मोडून दोन जीव गेले, ही बातमी गुजरातेत राहणारा माणूस सहसा विसरत नाही. अशा यंत्रांवर रोज सकाळी प्रथम रिकामी गाडी फिरवून पाहण्याचा प्रघात असतो, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली खरी; पण पोरे दुसऱ्यांदा रांगेत घुसत असताना त्यांचा प्रश्न निराळाच होता. "ती गाडी फिरली, ठीक, पण त्या तपासणीच्या वहीत सही कोण करतो, आणि तो माणूस स्वतः खाली वाकून बोल्ट बघतो का?"